नाईट ड्यूटीवाल्या घराची खरूज

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी खरजेवर बोललो.

तसं ठरवलं नव्हतं. विहारात वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उभा राहिला. कुणी सेवाभाव म्हणालं, कुणी समाजाची हानी म्हणालं. तू ऐकायला असतीस तर खुर्चीतून हळूहळू घसरत खाली गेली असतीस. मग तुझ्या भावानं माईक माझ्या हातात दिला. मी घरून चार ओळी पाठ करून आणल्या होत्या. त्यात 'दीपस्तंभ' हा शब्दही होता, खोटं कशाला सांगू. पण माईक तोंडापुढे आला आणि दीपस्तंभ विझला. माझ्याच आवाजात ऐकू आलं ते असं, "मॅडम म्हणत, खरूज माणसाला होत नाही, घराला होते." एवढ्यावर थांबायचं ना. नाही. तो किडा कातडीखाली बोगदा कसा खणतो, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती कसा बस्तान बसवतो, रात्री अंथरूण गरम झालं की कसा कामाला लागतो, सगळं सांगितलं. खाजेचं वर्णन ऐकलं की ऐकणाऱ्यालाही खाज सुटते, हे इतकी वर्षं औषधं वाटणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. बघता बघता पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी सभा मनगटं खाजवू लागली. मागे बसलेले तुझे मामा पाठ खांबाला घासत होते. पहिली हसली ती तुझी लेक. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती इतकी हसली की तुझ्या भावानं हळूच माईक काढून घेतला.

तर जे तिथं अर्धवट राहिलं ते इथं लिहितो. तू गेल्यानंतर दुर्गेश्वरीचं काय झालं, हे तुला सांगायचं आहे. आणि आपलं एक भांडण मधेच राहिलं, त्याचंही.

आपल्याला कोणी विचारायचं, तुमची ओळख कधीपासूनची, तर तू म्हणायचीस, "हा नाक पुसायले शिकला नव्हता तेव्हापासूनची." भिलाईच्या सेक्टर सहाचे ते क्वार्टर, दोघांचे बाप पोलादाच्या प्लांटमध्ये, माझा भंडाऱ्याकडून आलेला, तुझा गोंदियाकडून. घरात मराठी, अंगणात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. एकाच शाळेत शिकून तू डॉक्टर झालीस आणि मी कसाबसा फार्मासिस्ट. मग सरकारनं दोघांना त्याच भिलाईतल्या एका दवाखान्यात आणून टाकलं. पेशंटसमोर तू 'मॅडम' आणि 'तुम्ही'. औषधांच्या खोलीत शिरलं की मी 'मोऱ्या' आणि तू 'सुजे'. एकदा घाईत मी भरल्या ओपीडीत ओरडलो होतो, "सुजे, पॅरासिटामॉल संपलं." तू मान वर न करता म्हणालीस, "मोरेश्वरजी, सुजे नावाची गोळी आपल्याकडे येत नाही." रांगेतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, ती बाहेरून मिळेल का.

शाळा सुटली की आपल्याकडे निळ्या गणवेशांची रांग लागायची. कानातून पू, डोक्यात उवा, तोंडात फोड, गुडघ्यावर पिकलेली जखम, गालावर पांढरा डाग. कुणाला नायटा झालेला आणि घरच्यांनी मेडिकलमधून कसलीशी ट्यूब आणून लावल्यानं तो अख्ख्या पोटावर पसरलेला. मोठ्या डॉक्टरांना यातलं काही आजार वाटत नाही. तुला वाटायचं. तू स्टूल भिंतीकडे वळवून ठेवायचीस. लेकराची पाठ दाराकडे, म्हणजे सदरा वर केला तरी रांगेतल्यांना दिसू नये. आणि खाज येते का, असं तू कधीच विचारायची नाहीस. विचारायचीस, "नींद अच्छी आती है?" पोरं खाज लपवतात, झोप लपवत नाहीत.

माझं योगदान वेगळ्या प्रकारचं. शाळेत जंताच्या गोळ्या वाटायला गेलो होतो ते आठवतं? पोरं घाबरत होती, म्हणून पहिल्या वर्गात मी स्वतः एक गोळी चावून दाखवली. पोरं खूश, सगळ्यांनी चावली. मला वाटलं, ही तर युक्ती सापडली. मग दुसऱ्या वर्गात चावली, तिसऱ्यात चावली, आणि शाळेत वर्ग बरेच होते. संध्याकाळी मी पोट धरून तुझ्यासमोर बसलो. तू खूप गंभीर चेहऱ्यानं नाडी पाहिलीस आणि म्हणालीस, "तुह्या पोटात आता जंत तर नाहीच, आतडे उरले का ते पाहू." रात्रभर फोन करत राहिलीस हेही खरं. ते तू कोणाला सांगितलं नाहीस, जंताची गोष्ट मात्र सगळ्या स्टाफला सांगितलीस.

आता दुर्गेश्वरी.

आठवीतली पोरगी, हडकुळी, वेण्या घट्ट बांधलेल्या. बाप प्लांटमध्ये ठेक्यावर. घरात आई, आजी, एक लहान भाऊ. पहिल्यांदा आली तेव्हा बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, खाजवून खाजवून रक्त आलेलं. तू पाहिलंस, मी लोशनच्या बाटल्या दिल्या, माझं रोजचं भाषण केलं. रात्री झोपण्याआधी मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री, कोणाला खाज असो नसो. सकाळी अंघोळ, कपडे-चादरी गरम पाण्यात, कडक उन्हात. आठवड्यानं परत एकदा. आई मान हलवून गेली.

काही आठवड्यांनी परत आली. तीच बोटं, तीच पुरळ. परत बाटल्या, परत भाषण, या वेळी जरा चढ्या आवाजात. आणि परत आली. तिसऱ्यांदा मात्र पोरीबरोबर शाळेचा निरोप होता. बडी मॅडमनं, म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिकेनं, सांगितलं होतं की ठीक झाल्याशिवाय वर्गात यायचं नाही, आणि येताना डॉक्टरचा फिटनेसचा कागद घेऊन यायचं. वार्षिक परीक्षा तोंडावर. आई म्हणाली, शाळेत घेणार नसतील तर हिला उतईला नानीकडे ठेवते, इथे घरी बसून काय करेल. दुर्गेश्वरीनं हात पाठीमागे घेतले. उतईला गेलेली पोरगी आठवीच्या परीक्षेला परत येत नाही, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

मी आईवर उखडलो. "लगाया ही नहीं होगा तुम लोगों ने. बोतल रखी होगी अलमारी में."

ती म्हणाली, "लगाए हन साहब, सब्बो झन लगाए हन." सगळ्यांनी लावलंय.

"सगळ्यांनी लावलं असतं तर हे काय आहे?"

तू मला आत बोलावलंस आणि विचारलंस, मी बाटल्या कमी तर दिल्या नाहीत ना. म्हणजे मी आईवर संशय घेत होतो आणि तू माझ्यावर. मला फार राग आला. रागाचं खरं कारण असं की त्या वेळी माझीही दोन्ही मनगटं पेटली होती.

हो. मला झाली होती. त्याच पोरांची बोटं हातात धरून धरून. दुकानदाराला आपलाच माल लागला. बायकोला सांगितलं, दोघांनी रात्री लोशन लावलं, भुतासारखे चमकत झोपलो. आठवडाभरानं परत लावलं. आणि काही दिवसांनी परत सुरू. फेब्रुवारीच्या शेवटी भिलाईचं ऊन चढायला लागलं होतं आणि मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावून. स्टाफला सांगितलं, सूर्यकिरणांची ॲलर्जी आहे. तू मला आत औषधांच्या रॅकमागे पकडलंस. माझ्या हातात गोळ्या मोजायची ती स्टीलची पट्टी होती आणि ती मी पाठीत खुपसून डोळे मिटून उभा होतो.

"काय करून राहिला रे?"

"गोळ्या मोजून राहिलो."

"पाठीत?"

मग तू बाह्या वर करायला लावल्यास. पाहिलंस. हसली नाहीस, तेव्हाच मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

"घरी सगळ्याईनं लावलं?"

"सगळ्याईनं. एकाच रात्री. मले काय शिकवतं, मी रोज हेच सांगतो लोकाईले."

"अमोलनं?"

अमोल माझा पोरगा. प्लांटमध्ये नुकताच लागलेला.

"अमोल नाईटले होता," मी म्हणालो.

तू बोटांवर शिफ्ट मोजल्यास. मीही. अमोल नाईटवरून सकाळी येतो, आम्ही उठलेल्या त्याच पलंगावर, त्याच गोधडीत झोपतो, कारण त्या खोलीत उजेड कमी येतो. मी अंघोळ करून स्वच्छ होऊन दवाखान्यात येतो आणि संध्याकाळपर्यंत माझी गोधडी त्याच्या अंगावरून सगळी पलटण परत जमवून ठेवते. आपल्या गावात पलंग कधी रिकामा असतो का? माणसं फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट करतात, पलंग तिन्ही शिफ्ट करतो. तुझा बाप, माझा बाप, दोघं असेच दिवसा झोपलेले आपण पाहिले, शूऽ बाबा झोपलेत म्हणत लहानाचे मोठे झालो. आणि आपण दोघं वर्षानुवर्षं या गावाला सांगत होतो, रात्री लावा, सगळ्यांनी लावा. जणू रात्री सगळे घरी असतात.

तू सलाईनच्या खोक्यावर बसलीस आणि मग हसलीस. इतकी, की बाहेरून सिस्टर पाहायला आल्या.

आईला परत बोलावलं. मी या वेळी खालच्या आवाजात विचारलं, "दुर्गेश्वरी के पापा की ड्यूटी?"

"नाईट. हमेसा नाईट. ठेकेदार ह बदलय नइ." ठेकेदार बदलून देत नाही.

"तो दवा उन्होंने कब लगाई?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काहीतरी विचित्रच बोललो. "ओ ह रात के घर म कहाँ रहिथे?" रात्री तो घरी असतोच कुठे?

बरोबर. आपण सांगितलं घरातल्या सगळ्यांनी, आणि रात्री घरात जेवढे होते त्या सगळ्यांनी लावलं होतं.

तू तिथंच ठरवलंस. रविवारी सकाळी तो ड्यूटीवरून आला की सगळ्यांनी एकदम लावायचं, संध्याकाळी ड्यूटीला जाण्याआधी अंघोळ. लोशनला रात्र लागते असं कुठे लिहिलंय, तास लागतात फक्त. आईनं विचारलं, दिवसा लावून स्वयंपाक कोण करणार, हात तर धुवावेच लागतात. तू म्हणालीस, हात धुतले की हाताला परत लावायचं. मी म्हणालो, सांगून भागणार नाही. तू म्हणालीस, मग जाऊ.

तो पहिला रविवार. तू साडीचा पदर खोचून त्यांच्या घरात, आजीच्या पाठीला लोशन लावत होतीस आणि आजी तुला विचारत होती की पोरी, लग्न वगैरे झालं का तुझं. मी मागच्या परसात बापाला आणि पोराला रंगवत होतो. बाप बिचारा भट्टीवरून आलेला, झोपेनं डोळे मिटत होते, अंगावर फक्त गमछा, आणि एक टकला सरकारी माणूस त्याच्या काखा तपासतोय. तो म्हणाला, "साहब, इतना तो मेरी शादी में हल्दी नहीं लगी थी." त्या दिवशी त्या घरात कोणी पाहुणा आला असता तर उलट्या पावली पळाला असता. घरची पाच माणसं ओळीनं चटईवर, चमकत, कोणी कोणाला हात लावत नाही. दुर्गेश्वरी तशातही इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, पान उलटायला लहान भावाला सांगत होती, त्याचेही हात ओले.

सोमवारी ती शाळेत गेली आणि दुपारी परत आली. औषध नीट लागलं तरी खाज काही दिवस राहते, किडा मेला तरी कातडी लवकर विसरत नाही. बडी मॅडमनं तिला खाजवताना पाहिलं आणि म्हणाल्या, कागज?

मंगळवारचं आपलं भांडण त्यावर.

मी म्हणालो, "एक ओळ लिही ना. फिट टू अटेंड. सही, शिक्का. पोट्टी उद्या वर्गात."

तू म्हणालीस, "नाही लिहीत."

"कावून?"

"मी बड्या मॅडमशी फोनवर बोलली. ती उद्यापासून येऊ शकते, दुसऱ्याईले धोका नाही, असं सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं ते पुरे नाही, कागद पाहिजे म्हणते. आज हिचा कागद देला तर उद्या खाजवणारं प्रत्येक लेकरू कागदासाठी वर्गाबाहेर उभं राहीन. आणि ज्याच्या मायले इथपर्यंत यायले जमत नाही ते काय करीन? लपवीन. सगळे लपवतीन."

"सगळ्याईचं नंतर पाहू. ही एक पोट्टी पाह्य आधी."

"हिचंच पाहून राहिली."

मग मी ते बोललो. "तुह्या तत्त्वाची खाज त्या पोरीनं कावून सहन करावी?"

मला ते वाक्य फार जमलं असं वाटलं होतं. बोलल्या बोलल्या वाटलं होतं. तू रागानं नाही, कामाचं सांगावं तशी म्हणालीस, "आमच्या घरानं लय कागद दाखवले रे, मोऱ्या. शाळेत दाखवले, कॉलेजात दाखवले, नोकरीले दाखवले. प्रत्येक दारात कोणीतरी म्हणे, तुम्ही कोण ते आधी सिद्ध करा. एका लेकराले तरी बिनकागदाचं आपल्या जागेवर बसू दे."

इतक्या वर्षांत हे तू पहिल्यांदा बोललीस. तेव्हा मी म्हणालो, "चहा सांगू का?" तू नको म्हणालीस.

बुधवारी सकाळी तू दवाखान्यात आली नाहीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. त्या दोन रविवारांच्या मधे तू गेलीस एवढंच.

दुसरा रविवार आला. मला कुठेच जायचं नव्हतं. पण दुसरा हात लागला नाही तर पहिल्याचा उपयोग नाही, अंड्यांतून परत सगळं सुरू होतं, हे सांगणारी तूच. बाटल्या पिशवीत टाकून गेलो. दुर्गेश्वरी दारातच होती. माझ्या मागे रस्त्याकडे पाहत तिनं विचारलं, "मैडम नहीं आई?"

मी म्हणालो, "मैडम छुट्टी पर हैं."

तिचा बाप नाईटवरून येऊन ओट्यावर बसला होता. त्याला कुठून तरी कळलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीला म्हणाला, "जा बेटी, साहब बर पानी लान." साहेबांसाठी पाणी आण. ती आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मैं बता दूँगा साहब. आप से नहीं होगा." खरंच झालं नसतं. मी त्याच्या पाठीला लोशन लावत बसलो, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. त्यानं लावू दिलं.

आणि निघताना आईनं सांगितलं की उद्या शाळेनं घेतलं नाही तर दुपारच्या गाडीनं उतई. पिशवी भरून ठेवली होती, मला दिसावी अशी.

आता गंमत पाहा. कागद लिही म्हणून तुझ्याशी भांडणारा मी, आणि कागदावर सही करणारं कोणी नाही. तुझ्या जागी दुसऱ्या केंद्रातले एक डॉक्टर गुरुवारी येणार होते. गुरुवारपर्यंत पोरगी उतईत शेण गोळा करत असती. सोमवारी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली आणि दुर्गेश्वरीबरोबर शाळेत गेलो. ती पुढे, मी मागे. मॅडमचं तिला कळलं होतं. शाळेच्या फाटकाशी ती म्हणाली, "आप अंदर तक चलना."

बड्या मॅडम वाईट बाई नाहीत, सुजे. तुला त्यांचा राग होता, पण नाहीत. तुझं ऐकून त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पर सर, कागज तो लगेगा. बच्चों के घर से शिकायत आती है. मैं क्या दिखाऊँ?"

"सही करने वाला कोई नहीं है, मैडम."

"तो आप ही लिख दीजिए. दवाखाने का ठप्पा तो है आपके पास."

ठप्पा होता. खिशात होता, कसा आला ते विचारू नकोस. म्हणजे मी तयारीनंच गेलो होतो. एक ओळ, एक शिक्का, माझ्या सहीला अर्थ नाही पण त्या शाळेत कोण पाहणार होतं. तुला वाटेल की तुझे शब्द आठवून माझा हात थांबला. तसं काही नाही. मला फक्त वाटलं की हे केलं तर तुझ्याशी भांडायला काही उरणारच नाही.

मी म्हणालो, "मैडम, एक बार क्लास में पूछ लेते हैं, और किस-किस को है. खुजली एक को नहीं होती."

त्या आल्या. दुर्गेश्वरी वर्गाच्या दारात उभी, दप्तर छातीशी धरून. बड्या मॅडमनी शिस्तीच्या आवाजात विचारलं, "रात को किस-किस को खुजली होती है? हाथ उठाओ."

एक हात नाही. उलट जे हात बाकावर होते ते सगळे बाकाखाली गेले. पोरं समोर पाहत होती, मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे. खरं बोललं की कुठे उभं राहावं लागतं, ते दारात दिसत होतं त्यांना. तू मंगळवारी जे म्हणाली होतीस ते आठवीच्या वर्गात ओळीनं बसलेलं होतं. मला तेव्हा तुझी इतकी आठवण आली, आणि इतका रागही आला, की तू बरोबर ठरलीस आणि मला ते ऐकवायला थांबली नाहीस.

मग मी हात वर केला.

बड्या मॅडमना वाटलं मला काही बोलायचं आहे. "जी सर?"

"मुझे होती है," मी म्हणालो. "होती थी. दो महीने. पीठ पर तो हाथ ही नहीं पहुँचता था, दवाखाने की अलमारी से रगड़ता था."

एक पोरगी खुदकन हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "सर को भी?" मी बाही वर करून डाग दाखवले. बड्या मॅडम नकळत एक पाऊल मागे सरकल्या, ते पाहून पोरं आणखी हसली. आणि हसता हसता खिडकीजवळच्या एका पोराचा हात बाकाखालून वर आला, अर्धाच, कोपरातून वाकलेला. मग त्याच्या मागच्याचा. मग मुलींच्या बाजूनं दोन एकदम, एकमेकींकडे पाहत. मग मी पाहत राहिलो, मोजायचं सुचलं नाही.

बड्या मॅडमनी वर आलेले हात मोजले. मग म्हणाल्या, "अब इतनों को घर भेज दूँगी तो पढ़ाऊँगी किसको?"

दुर्गेश्वरीला कोणी आत ये म्हणालं नाही. ती आपणहून आली. तिच्या जागेवर एक दुसरी पोरगी सरकून बसली होती. दुर्गेश्वरी तिला म्हणाली, "सरक." ती सरकली.

कागद मागितला गेला नाही, दिला गेला नाही. पण तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. त्या मंगळवारी तू एक ओळ लिहिली असतीस तर पोरीचा जवळजवळ आठवडा वाचला असता, गणिताची उजळणी त्याच आठवड्यात झाली. हे मी तुला तोंडावर म्हणालो असतो आणि तू म्हणाली असतीस की मग बाकीच्यांचे हात वर आले असते का, आणि मी म्हणालो असतो की ते माझ्या पाठीमुळे आले, तुझ्या तत्त्वामुळे नाही. हे असंच चालू राहिलं असतं. चालू ठेवायला तू पाहिजे होतीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या दुपारी वऱ्हांड्यात पोरांची रांग लावली आणि एकालाही खाज कुठे आहे ते विचारलं नाही. विचारलं, पापा की ड्यूटी कौन-सी है. कोणाचा फर्स्ट, कोणाचा नाईट, कोणाचा बाप ट्रक घेऊन नंदिनीच्या खाणीवर, कोणाची आई सेकंड शिफ्टला कँटीनमध्ये. एका पोरानं विचारलं, पापाचं दुकान रविवारीही चालू असतं, मग लोशन कधी? मी म्हणालो, सोमवारी.

त्यामुळे आता मोठी पंचाईत झाली आहे. घरं बरीच आहेत आणि प्रत्येक घराची वेळ वेगळी. बाप्यांचं मी पाहतो. पण घरोघरच्या आया-आज्यांच्या पाठीला लोशन मी कसं लावू? सिस्टरांना दवाखाना सोडता येत नाही, बायकोला विचारलं तर म्हणाली, घरात एकदा आणलंस तेवढं पुरे. शनिवारी संध्याकाळी मी बाटल्या काढून याच विचारात बसलो होतो, तेवढ्यात दुर्गेश्वरीची आई आली. मला वाटलं, परत झाली की काय. मी ज्या बाईवर भरल्या दवाखान्यात ओरडलो होतो, ती टेबलाशी उभी राहिली, पिशवी उघडली आणि म्हणाली, "डोकरी मन ल मैं लगाहूँ. मोला आथे." म्हाताऱ्यांना मी लावीन, मला येतं.

मी म्हणालो, "मैडम ने सिखाया?"

ती म्हणाली, "देखे रहेंव." पाहिलं होतं.

एवढं बोलून ती बाटल्या पिशवीत भरू लागली. मला विचारत नव्हती, सांगत होती.